आधी स्वतःची अडचण सोडवा: बर्लिनच्या एका संगीतकाराचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी रॉबर्ट हेंके या माणसाचं नाव ओझरतं घेतलं होतं. तिथं वेळ कमी पडला, म्हणून इथं नीट लिहितोय. धंद्याच्या क्लासमध्ये संगीतकार कशाला, असं वाटेल. पण चांगलं प्रॉडक्ट कुठून जन्माला येतं, याचं यापेक्षा सरळ उदाहरण माझ्याकडं नाही.

माणूस कोण?

हेंकेचा जन्म १९६९ चा, जर्मनीतल्या म्युनिकचा. पुढं तो बर्लिनला आला. १९९५ मध्ये त्यानं आणि त्याचा मित्र गेरहार्ड बेलेसनं 'मोनोलेक' या नावानं इलेक्ट्रॉनिक संगीत करायला सुरुवात केली. 'हाँगकाँग' हा त्यांचा अल्बम १९९७ चा. ठोका, घुमणारे आवाज आणि हळूहळू बदलत जाणारे थर, असं हे संगीत. याचं गिऱ्हाईक मोजकंच. हेंके एका मास्टरिंग स्टुडिओत इंजिनिअर म्हणूनही काम करायचा.

अडचण काय होती?

तेव्हाची संगीताची बहुतेक सॉफ्टवेअर टेपसारखी चालायची. गाणं डावीकडून सुरू होणार, उजवीकडं संपणार. स्टुडिओत हे ठीक. पण कार्यक्रमात लोक रंगात आलेत आणि तोच ठोका अजून दोन मिनिटं चालू ठेवायचाय, तर काय करायचं?

या दोघांनी 'मॅक्स' हे सॉफ्टवेअर घेतलं. त्यात स्क्रीनवरचे डबे तारांनी जोडून आपला प्रोग्राम बनवता येतो. त्यातून त्यांनी स्वतःच्या कार्यक्रमांसाठी स्वतःची हत्यारं तयार केली. विकायला नाही, वापरायला.

१९९९ मध्ये बेलेस आणि बर्न्ड रोगेनडॉर्फ यांनी 'एबलटन' ही कंपनी काढली. हेंके सुरुवातीपासून त्या कामात होता. २००१ मध्ये 'लाइव्ह' या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती आली. आवाजाचे तुकडे चौकटीत मांडायचे, हवा तो दाबायचा, की तो बाकीच्यांच्या ठेक्यातच सुरू होतो. आज जगभरचे संगीतकार ते वापरतात.

आपण काय शिकायचं?

१. पहिलं गिऱ्हाईक तुम्ही स्वतः. हत्यार स्टेजवर चाललं नाही, तर फजिती त्यांचीच होणार होती. याहून कडक तपासणी कुठली?

२. पहिला माल अपुरा चालतो, पण मुद्द्याचं काम चोख हवं. लाइव्हच्या पहिल्या आवृत्तीत मिडी, म्हणजे कीबोर्डचे सूर नोंदवायची सोय, नव्हतीच. ती २००४ मध्ये, चौथ्या आवृत्तीत आली.

३. आपली जागा ओळखा. बेलेस कंपनीकडं वळला आणि मोनोलेकमधून बाजूला झाला. हेंकेनं संगीत सोडलं नाही. तो लाइव्हसाठी काम करत राहिला, त्यातल्या 'ऑपरेटर' या वाद्यामागं त्याचं डोकं आहे. पण त्याच वेळी तो कार्यक्रमही करत होता. स्टेजवर हाताशी बटणं हवीत म्हणून त्यानं 'मोनोडेक' हे यंत्र स्वतः बनवलं. दोघांचेही रस्ते बरोबर. फक्त कोण काय करणार, हे ठरलेलं होतं.

तिसरा मुद्दा मी पैसे मोजून शिकलोय.

माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान. उधारी वसूल होईना, म्हणून मी एक एक्सेल शीट बनवलं. सकाळी उघडलं की आज कुणाला फोन करायचा, तेवढंच दिसायचं. बाजारातल्या तिघा दुकानदारांनी ते मागितलं. माझ्या डोक्यात हवा गेली. एकाला ॲप बनवायला सांगितलं आणि त्यात स्टॉक, जीएसटी, पगार, सगळं घालायला लावलं. आठ महिने गेले, ऐंशी हजार गेले. मी काउंटरवर नसायचो, त्यामुळं दोन जुनी फरसाणवाली गिऱ्हाइकं शेजारी गेली, ती कायमचीच. ॲप घेऊन त्या तिघांकडं गेलो, तर एक जण म्हणाला, "अरे, मला फक्त आज कुणाला फोन करायचा तेवढं पाहिजे होतं."

ते शीट मला काउंटरनं सुचवलं होतं. मी काउंटरच सोडला. मग पुढचं सुचणार कुठून?

आता तो पसारा बंद केलाय. तेच साधं शीट मी दुकानात बसून, दुपारच्या मोकळ्या वेळात, शिकवण्यासकट देतो. शनिवारी रात्री त्याचा हिशोब वेगळा लिहितो.

गृहपाठ

एक वही घ्या. पुढचे सात दिवस, कामात जिथं जिथं चिडचिड झाली ते लिहा. त्यातली कुठली अडचण तुम्ही आधीच जुगाड करून सोडवलीय, त्यावर खूण करा. तो जुगाड कुणी मागितला का, आणि नेमका कशासाठी, हे त्याच्याच शब्दांत लिहा. आपले शब्द त्यात घालू नका. आणि शेवटी हे लिहा: हा माल विकायला निघालो, तर माझ्या गल्ल्यावर कोण बसणार?

या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय एक रुपयाही गुंतवू नका. भेटू पुढच्या व्हिडिओत!