टाइल लागायच्या आधी जरा ऐक

अगं, टाइल्सचे फोटो बघितले, सुरेख आहेत. पण मला आज टाइल्सच्या मागे काय जाणार आहे त्याबद्दल बोलायचंय. भिंती उघड्या आहेत, सोमवारी प्लंबर येतोय. जे सांगायचं ते आत्ताच सांगते, एकदा टाइल लागली की माझं बोलणं तुझ्या काही कामाचं नाही.

आधी टबचं. तुझी हौस मला लहानपणापासून ठाऊक आहे आणि ती मोडायची माझी इच्छा नाही. पण गिझर बघ गं. पाच फुटी टबात नीट बसायचं तर दीडशे लिटर पाणी सहज लागतं, आणि ते अंगाला सोसेल इतपत ऊन करायचं तर त्यातलं साठेक लिटर कढत हवं. तुमचा गिझर 25 लिटरचा. दुसऱ्यांदा पाणी तापेपर्यंत टबातलं कोमट होऊन जाणार. तेव्हा टब घेणार असशील तर मोठ्या गिझरचा खर्च आत्ताच धर, त्याची वायरसुद्धा आत्ताच ओढून घे. आणि दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, वर टबाचं आणि माणसाचं वजन. इमारत जुनी आहे, स्लॅबबद्दल इंजिनिअरला विचारल्याशिवाय टबची ऑर्डर देऊ नकोस. दुसरं बाथरूम आहे म्हणून मी एवढं तरी म्हणतेय. एकच असतं तर सासूबाईंच्या गुडघ्यांकडे बघून सरळ नको म्हटलं असतं.

शॉवरचं वेगळंच आहे. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावरच. टाकीपासून दहा फूट खाली पाण्याला जेमतेम 0.3 बार दाब मिळतो, आणि तू पसंत केलेल्या त्या मोठ्या रेन शॉवरला 1 बारच्या आसपास तरी हवा. दुकानात तो धो धो चालतो, कारण तिथे पंप लावलेला असतो. घरी पंप लावायचा झाला तर गार आणि गरम दोन्ही लाइनींना दाब सारखा मिळेल असाच लाव. फक्त गार लाइनीला लावलास तर मिक्सरमध्ये गार पाणी गरम पाण्याला मागे रेटतं आणि शॉवर एकदम गार पडतो. गिझर तेवढ्या दाबाचा आहे ना, तेही बघून घे. पंप नको असेल तर साधा, लहान शॉवर घे. रोज त्याच्याखाली तुलाच उभं राहायचंय.

आता डायव्हर्टर, म्हणजे पाणी टबकडे की शॉवरकडे ते वळवणारा व्हॉल्व्ह. तो भिंतीत गाडला जातो, म्हणून त्याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. त्याच्या प्लॅस्टिकच्या टोपणावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती खोल बसवायचा याच्या खुणा असतात. प्लास्टर, चिकटवायचा मसाला आणि टाइल, तिन्हींची जाडी धरून तयार भिंतीचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मधे यायला हवा. खोल गेला तर मूठ बसत नाही, बाहेर राहिला तर तबकडी भिंतीपासून सुटलेली दिसते. म्हणून टाइलचा एक तुकडा प्लंबरच्या हातात दे आणि तो धरूनच माप घ्यायला लाव. डायव्हर्टरपासून खाली टबच्या तोटीकडे जाणारा पाइप सरळ आणि पूर्ण मापाचा असू दे. तो अरुंद केला किंवा उगाच वळवला तर टब भरताना वरचा शॉवरही ठिबकत राहतो. तोटीचं तोंड टबच्या काठाच्या वरच हवं, म्हणजे टबातलं पाणी उलट लाइनीत ओढलं जाणार नाही.

जुने जीआय पाइप अर्धे ठेवून अर्धे बदलूया असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. आतून गंजलेला पाइप नव्या टाइलमागे ठेवण्यात कसली बचत? गरम लाइनीला सीपीव्हीसीच. टबच्या कट्ट्याला एक छोटं दार मात्र ठेवायलाच लाव, वेस्टचा सांधा आणि ट्रॅप हाताला लागतील असं. गवंडी म्हणेल, ताई, दिसायला बरं दिसत नाही. म्हणू दे. टबखालच्या जमिनीलाही वॉटरप्रूफिंग आणि जाळीकडे उतार हवा. तिथे झिरपलेलं पाणी तुला कधीच दिसणार नाही, ते थेट खालच्या काकूंच्या छतात उतरेल.

सगळे सांधे चिकटवून झाले की रात्रभर वाळू दे. मग टोकं बंद करून, हातपंपाने दाब भरून काटा बघायचा. काट्याचा फोटो तू स्वतः काढ, काही तासांनी पुन्हा काढ. काटा उतरला तर सांधा शोधायचा, घाई कितीही असो. नंतर भिंतीला मोजपट्टी लावून चारही बाजूंचे फोटो काढून ठेव. पुढे सासूबाईंसाठी आधाराची दांडी बसवताना ड्रिल पाइपात जायला नको.

वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपची तोंडं बंद करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेव. काकूंना आधी सांग, छताकडे लक्ष ठेवा म्हणावं, आणि तूही दोनदा खाली जाऊन बघून ये. ते पाणी उतरून छत कोरडं आहे याची खात्री होईपर्यंत टाइलवाल्याला बोलावू नकोस, तो दुसऱ्या कामाला निघून जाईन म्हणाला तरी. आणि रविवारी गिझरचं माप घेऊन मला फोन कर, मोठा गिझर कुठल्या भिंतीवर मावेल ते दोघी मिळून बघू.