मोटारघराची पुढील चाके : दोषपरीक्षेचा एक पाठ

मोटारीच्या सांगाड्यावर निजण्याची फळी, शेगडी, पाण्याची टाकी आणि कपाट बसविले की तिचे चालते घर होते. अशा वाहनास आपण मोटारघर म्हणू. गोमंतकीय वाचकांस हा प्रकार अपरिचित नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून युरोपातील अनेक प्रवासी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे भारतात येत आणि पुढे गोव्याच्या किनाऱ्यावर मुक्काम करीत. १९७९ मध्ये इराणात राज्यक्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो खुष्कीचा मार्ग बंद पडला. त्या मार्गाने येणाऱ्या वाहनांत फोक्सवॅगनची ‘टाइप दोन’ ही गाडी विशेष दिसे. जर्मनीत १९५० साली तिचे उत्पादन सुरू झाले. पुढल्याच वर्षापासून वेस्टफालिया या कारखान्याने तिच्यात बसविण्यासाठी राहण्याचे सामान तयार केले. आजही जगभर हौशी लोक या गाड्या जपतात.

या जुन्या गाडीच्या पुढील चाकांची परीक्षा कशी करावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय. इंजिन बिघडले तर गाडी थांबते. पुढील चाकाचा सांधा निखळला तर गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही. घाटातील वळणावर हा फरक जीवनमरणाचा ठरतो. म्हणून ही परीक्षा अंदाजाने नव्हे, तर क्रमाने व्हावयास हवी.

रचना

या गाडीचे इंजिन मागे असते. पुढे एकावर एक अशा दोन आडव्या पोलादी नळ्या असून त्यांच्या पोटात पोलादी पट्ट्यांचे जुडगे असतात. जुडग्याचा मध्य नळीत पक्का धरलेला असतो आणि टोकांना चाकांचे बाहू जोडलेले असतात. चाक खड्ड्यात गेले की बाहू फिरतो, पट्ट्यांना पीळ बसतो आणि तो पीळ उलगडताना चाक पूर्वस्थितीस येते. हीच येथील स्प्रिंग. १९६७ पर्यंतच्या पहिल्या पिढीत बाहू आणि चाक यांच्यामध्ये किंगपिन व लिंकपिन असत. त्यांना नेमाने ग्रीस द्यावे लागते. ऑगस्ट १९६७ पासूनच्या दुसऱ्या पिढीत त्यांच्या जागी बॉल जॉइंट आले. स्टिअरिंगची गती एका लांब दांड्याने गाडीच्या पोटाखालील मधल्या तरफेपर्यंत येते आणि तेथून दोन टायरॉडांनी दोन्ही चाकांना पोहोचते. या साखळीतील कोणतीही कडी सैल झाली तरी चालकाच्या हातास जाणवणारे लक्षण बहुधा एकच असते : गाडी डगडगते. येथेच घाईने निदान करणारे फसतात.

मोटारघराचे वेगळेपण

साधी मोटार कधी भरलेली तर कधी रिकामी धावते. मोटारघर मात्र नेहमीच भरलेले असते. पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो वजन. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर सुमारे तीस किलोंचा. त्यावर कपाटे, अंथरुणे व भांडी. हा भार एका बाजूस रचला गेला तर त्या बाजूची स्प्रिंग आणि टायर वर्षानुवर्षे अधिक सोसतात. दुसरे असे की, मोटारघर धावते थोडे आणि उभे राहते फार. उभ्या गाडीचे ग्रीस सुकते, टायर एका जागी चपटतात व त्यांना चिरा पडतात. किनाऱ्यावरील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस नळ्यांच्या खालच्या अंगास गंज चढवितात. कमी किलोमीटर धावलेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज येथे लागू पडत नाही.

पहिली परीक्षा : उभ्या गाडीची

गाडी सपाट जागी, नेहमीच्या सामानासह उभी करावी. रिकाम्या गाडीची परीक्षा मोटारघराच्या बाबतीत अपुरी होय. प्रथम टायरांतील हवा मोजावी. या गाडीत मागील टायरांत पुढच्यापेक्षा अधिक हवा लागते. नेमके आकडे गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावेत. टायर भार पेलणारे, मालवाहू गाडीसाठी बनविलेले असावेत. टायरच्या कडेवरील चार आकडी खुणेतील पहिले दोन अंक आठवडा व पुढील दोन अंक वर्ष सांगतात. ‘२३१८’ याचा अर्थ २०१८ सालचा तेविसावा आठवडा. २००० पूर्वीच्या टायरांवर ही खूण तीनच आकड्यांची असे. नक्षी शाबूत असली तरी जुनाट, चिरलेला टायर बाद समजावा.

टायरची झीज पुष्कळ काही सांगते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, मध्य झिजला असेल तर अधिक राहिली. एकच कड झिजली असेल किंवा नक्षीवर एका दिशेने हात फिरविताना ती करवतीसारखी बोचत असेल, तर चाकांची दिशा चुकली आहे. जागोजागी वाटीसारखे खळगे पडले असतील, तर शॉक अॅब्सॉर्बर, चाकाचा तोल किंवा बेअरिंग यांचा संशय घ्यावा.

नंतर चाकाच्या मध्यापासून वरील पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस मोजावे. एक बाजू खाली असेल तर सामान सारखे करून पुन्हा मोजावे. फरक तसाच राहिल्यास पट्टी तुटली असण्याचा संभव असतो. मग गाडीचा पुढील कोपरा जोराने दाबून सोडावा. तो एकदा वर येऊन स्थिरावला तर ठीक. दोन-तीनदा डोलत राहिला तर शॉक अॅब्सॉर्बर निकामी झाला आहे.

दुसरी परीक्षा : चालत्या गाडीची

मोकळ्या रस्त्यावर, सावकाश गतीने आरंभ करावा. कंप एका ठरावीक गतीलाच येऊन पुढे नाहीसा होत असेल, तर बहुधा चाकाचा तोल बिघडलेला असतो. खड्ड्याचा धक्का बसताच कंप सुरू होऊन गाडी हळू करीपर्यंत थांबत नसेल, तर कोठेतरी सांधा सैल आहे. गाडी केवळ ब्रेक दाबताना एका बाजूस ओढत असेल तर दोष ब्रेकमध्ये शोधावा. ती सदैव ओढत असेल तर पुढील दोन चाकांची अदलाबदल करून पाहावी. ओढ बाजू बदलून आली तर दोष टायरचा होय. घुरघुर उजवीकडे वळताना वाढत असेल तर डाव्या चाकाचे बेअरिंग संशयास्पद मानावे, कारण अशा वळणात भार डावीकडे जातो. दहा-पंधरा किलोमीटरांनंतर थांबून दोन्ही चाकांच्या मध्याजवळ हाताची मागची बाजू न्यावी. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरेच तापले असेल तर त्याचा ब्रेक धरून राहतो किंवा बेअरिंग अति आवळलेले आहे.

तिसरी परीक्षा : जॅकवरील गाडीची

मागील चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. गाडी उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. नळ्यांना गंज असेल तर आधार देण्यापूर्वीच त्या ठोकून पाहाव्यात.

चाक वरून व खालून धरून आलटून पालटून हलवावे. ते डगडगत असेल तर सोबत्यास ब्रेकचे पेडल दाबून धरावयास सांगावे व पुन्हा हलवावे. डगडग नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा. कारण ब्रेक लागताच चाक आणि त्यामागील भाग एकजीव होतात व बेअरिंगमधील सैलपणा प्रकट होत नाही. डगडग तशीच राहिली तर किंगपिन, लिंकपिन अथवा बॉल जॉइंट झिजला आहे. नेमके स्थान सोबत्याने बॅटरीच्या उजेडात पाहावे. बॉल जॉइंटाचे रबरी आवरण फाटले असेल तर आत पाणी व धूळ शिरलीच म्हणून समजावे. बाहूच नळीच्या तोंडाशी हलत असेल तर नळीतील बेअरिंग गेले आहे.

यानंतर चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवावे. येथील सैलपणा टायरॉडच्या टोकांत, मधल्या तरफेच्या खिळ्यात किंवा स्टिअरिंगच्या पेटीत असतो. शोध याच क्रमाने घ्यावा. मधल्या तरफेकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही, आणि तिचे ग्रीस निपल चिखलाने बुजलेले असते. इतर सांधे न पाहता पेटीच आवळून सैलपणा झाकणे धोक्याचे होय. त्यामुळे स्टिअरिंग जड होते व वळणानंतर सरळ येण्यास अडते. शेवटी चाक हाताने फिरवावे. खरखर ऐकू आली तर बेअरिंग बदलावे. डावे चाक उघडताना स्पीडोमीटरची तार त्याच्या ग्रीसच्या टोपणातून जाते, हे विसरू नये.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम टायर व हवा, मग बेअरिंग, त्यानंतर किंगपिन वा बॉल जॉइंट, मग टायरॉड व तरफ, नंतर शॉक अॅब्सॉर्बर, आणि सर्वांत शेवटी चाकांचे अलाइनमेंट. सैल सांध्यांवर केलेले अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात बिघडते व पैसा वाया जातो. काम झाल्यावर शंभरेक किलोमीटरांनी सर्व नट पुन्हा तपासावेत.

अशी गाडी बाळगणाऱ्यांनी नियमही ध्यानी ठेवावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या व व्यापारी उपयोगात नसलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. अशी नोंद झालेले वाहन प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे, देखभाल अशा मर्यादित कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या प्रवासास ते नाही.

वर सांगितलेल्या हातांच्या परीक्षांना मौल्यवान यंत्र लागत नाही. जॅक, घोडे, बॅटरी, मोजपट्टी आणि एक सोबती एवढे पुरे. गावातील जीप किंवा टेम्पो यांची रचना निराळी असली, तरी चाक वरखाली व आजूबाजूस हलवून पाहण्याची रीत तीच. तंत्रशाळांतील शिक्षकांनी हा पाठ प्रत्यक्ष गाडीवर करून दाखवावा आणि वाहनधारकांनी दर पावसाळ्याअखेर, गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्यापूर्वी, या तिन्ही परीक्षा करण्याचा नेम ठेवावा.