चारशे माणसांचे स्नेहसंमेलन

प्रश्न : आमच्या कारखान्यातील चारशे कर्मचाऱ्यांच्या दिवाळी स्नेहसंमेलनाची जबाबदारी मजवर आली आहे. नामांकित वाद्यवृंदावाचून इतका समुदाय रमणार नाही, असे सहकारी म्हणतात. मंजूर रक्कम मात्र तुटपुंजी आहे. काय करावे? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : समुदाय मोठा म्हणजे रंगमंचही मोठाच हवा, हा समज आपण निःशंकपणे दूर सारावा, कारण जो मनुष्य वर्षभर यंत्रापाशी उभा असतो, त्याला त्या सायंकाळी प्रेक्षक होण्यापेक्षा सहभागी होण्यातच अधिक आनंद वाटतो. पटांगणात एकीकडे रस्सीखेच व लगोरी, दुसरीकडे रांगोळी व आकाशकंदिलांची चढाओढ, आणि धावपळ न मानवणाऱ्यांसाठी कॅरम, अशी व्यवस्था अल्प खर्चात होते. संघ खातेनिहाय मुळीच पाडू नयेत. चिठ्ठ्या टाकून हिशेबनीस, फिटर, शिपाई आणि साहेब यांस एकत्र आणावे, की निम्मे कार्य सिद्धीस गेले! सहभागाची सक्ती नको, आणि कोणाचे हसे होईल असा खेळ तर नकोच. उघड्यावरील ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी घ्यावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर तो सामान्यतः वर्ज्य आहे. रात्रपाळीवरील मंडळींचा फराळ मात्र आठवणीने आधीच बाजूस काढून ठेवावा.