भीमसरटीय आणि भीमसरटसदृश

इंग्रजी ग्रंथांत ‘डायनोसॉरियन’ हे विशेषण आढळते. ते कधी ‘डायनोसॉरांच्या कुळातला’ ह्या अर्थाने येते, तर कधी केवळ ‘त्यांच्यासारखा दिसणारा’ ह्या अर्थाने. मराठीत दोहोंस एकच शब्द योजल्यास विद्यार्थ्याची दिशाभूल होईल. कारण साम्य निराळे आणि नाते निराळे.

मूळ शब्द फार जुना नाही. मेगॅलोसॉरस, इग्वानोडॉन व हायलिओसॉरस ह्या प्रचंड प्राण्यांचे जीवाश्म इंग्लंडमध्ये निरनिराळ्या ठिकाणी सापडले होते. शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन ह्याने ते ताडून पाहिले. कटिप्रदेशातील मणके एकमेकांस जुळून गेलेले असणे, ही त्यांची एक मोठी खूण त्याने मानली आणि १८४२ साली छापलेल्या अहवालात त्यांच्या गणास ‘डायनोसॉरिया’ हे नाव दिले. ग्रीक ‘सॉरॉस’ म्हणजे सरडा. ‘डेइनोस’चा अर्थ सामान्यतः ‘भयानक’ असा सांगतात; ओवेनने मात्र तो ‘धडकी भरावी इतका मोठा’ असा घेतला. आपल्या ‘भीम’ शब्दातही मूळ धातू भिण्याचा, आणि रूढ अर्थ विशालतेचा आहे. म्हणून ‘भीमसरट’ हा प्रतिशब्द फारच समर्पक वाटतो. ‘सॉरॉस’ व ‘सरट’ ह्यांच्या नादसाम्यावरून मात्र कोणी नाते जोडू नये.

ह्याच जातीची चूक प्राण्यांविषयीही होते. भीमसरट हे सरडे नव्हेत. मगरी त्यांना सरड्यांहून जवळच्या, आणि पक्षी तर त्यांचेच वंशज. सरडा त्यांच्यासारखा दिसतो, पण कुळातला नाही. अंगणातली चिमणी तशी मुळीच दिसत नाही, तरी ती कुळातली आहे!

‘सॉरस’ हे पद पुढे भारतीय शब्दांनाही जोडले गेले. गोदावरीच्या खोऱ्यात, सिरोंचाच्या परिसरात १९६० च्या सुमारास एका जुरासिक भीमसरटाची हाडे निघाली. मांडीचे एक हाड सुमारे १.७ मीटर लांबीचे होते. १९७५ साली त्याचे नामकरण ‘बारापासॉरस टागोराय’ असे झाले. येथे मराठी वाचकाने बारा पाय मोजू नयेत. बंगालीतल्या ‘मोठा पाय’ ह्या अर्थाच्या शब्दांवरून ते नाव बनले आहे, आणि दुसऱ्या पदात रवींद्रनाथांचे स्मरण आहे.

तेव्हा कुळाने जे त्यांतले, ते ‘भीमसरटीय’. रूपाने जे तसे, ते ‘भीमसरटसदृश’ असा भेद आम्ही पाळतो. ग्रीक ‘एइडोस’, म्हणजे रूप, ह्यापासून इंग्रजीत ‘-ऑइड’ हा प्रत्यय आला आहे. परंतु तोही दगा देतो. भीमसरट नष्ट झाले नसते तर त्यांतला एखादा उत्क्रांत होऊन कसा दिसला असता, अशी कल्पना कॅनडातील डेल रसेल ह्या शास्त्रज्ञाने १९८२ साली मांडली व त्या कल्पित प्राण्यास ‘डायनोसॉरॉइड’ म्हटले. तो कुळाने भीमसरटीय. रूपाने मात्र मनुष्यसदृश!