बिंबाणूंच्या जागृतीचे मापन

रक्ताचा रंगविलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता तांबड्या पेशींच्या गर्दीत अतिशय लहान चकत्या दिसतात. त्यांस बिंबाणू किंवा प्लेटलेट म्हणतात. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात ते सुमारे दीड ते साडेचार लाख असतात. रक्तवाहिनीस जखम होताच ते जागृत होतात. त्यांना अणकुचीदार शाखा फुटतात, ते एकमेकांस चिकटतात आणि त्यांची गुठळी रक्तस्राव थांबविते.

हाच उपकारक गुण एखादे वेळी घातक ठरतो. हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणारी रोहिणी मेदाच्या थरांनी अरुंद झाली, तर तिच्यात बारीक फुगा नेऊन तो फुगवितात. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ साली झुरिच येथे हा उपचार प्रथम केला. आता बहुधा त्याच जागी धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवितात. फुग्याच्या दाबाने वाट मोकळी होते खरी; पण रोहिणीचे अस्तरही फाटते. बिंबाणूंच्या लेखी ही जखमच होय. तेथे गुठळी झाली, तर उघडलेली वाट पुन्हा बंद होऊन प्राणावर बेतते. म्हणून रुग्णास ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी औषधे देतात. मात्र बिंबाणूंना फार दडपले, तर रक्तस्रावाचे भय असते. यास्तव त्यांची जागृती मोजण्याची निकड भासली.

ती मोजावी कशी? पी-सिलेक्टिन नावाचे प्रथिन शांत बिंबाणूच्या आतील कणिकांत दडलेले असते. जागृतीनंतर ते पृष्ठभागावर येते. त्यास नेमके चिकटणारे प्रतिपिंड चमकणाऱ्या रंगद्रव्यासह रक्तात मिसळतात. फ्लो सायटोमीटर या यंत्रात बिंबाणू एकेक करून लेसरच्या झोतातून जातात. चमकणारे शेकडा किती, हे यंत्र मोजते.

येथे एक मोठी अडचण आहे. रक्त काढणारी सुईदेखील जखमच करते! दंडाला पट्टा फार वेळ घट्ट बांधला, रक्त जोराने ओढले किंवा नळी हलविली, तरी बिंबाणू जागृत होतात. मग आकडा रोहिणीचा की सुईचा, हे कळणार कसे? याकरिता प्रथम निघालेले थोडे रक्त टाकून देतात, पुढचे रक्त सोडियम सायट्रेटमध्ये घेऊन त्याची विनाविलंब तपासणी करतात, आणि उपचारापूर्वीचे व नंतरचे नमुने एकाच रीतीने घेऊन त्यांची तुलना करतात.

ही तपासणी प्रत्येक रुग्णावर नित्य केली जात नाही. तिचा मुख्य उपयोग औषधांची तुलना करण्याच्या संशोधनात होतो. तथापि तिचा धडा सर्व शास्त्रांस लागू आहे. जे मोजावयाचे, ते मोजण्याच्या कृतीनेच बदलत नाही ना, याची खात्री आधी करून घ्यावी.