काळवीट हरीण नव्हे!

काळविटाला आपण सर्रास हरीण म्हणतो. सस्तन प्राण्यांच्या वर्गीकरणास ते मान्य नाही. चितळाची शिंगे भरीव व दरवर्षी गळणारी. तो खरा हरिणकुळातला. काळविटाची शिंगे पोकळ व कायमची, म्हणून तो गाय-शेळीच्या कुळात बसतो. त्याच कुळातली नीलगाय गायीच्या जवळची, तर काळवीट शेळी-मेंढीच्या!

हा केवळ पुस्तकी वाद नव्हे. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात घोडनदीकाठी इनामगाव येथे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन त्या वस्तीत गुरे, शेळ्या-मेंढ्या यांच्याबरोबर काळविटाचीही हाडे निघाली. सापडलेला तुकडा मेंढीचा की काळविटाचा, यावरून त्या घरी पशुपालन होते की शिकार, हे ठरवावे लागते. शेळी आणि मेंढी यांची हाडे वेगळी करताना तर तज्ज्ञही अडखळतात.