कुरळ्या केसांना पीळ, पण मुळांना ताण नको
प्रश्न : माझे केस दाट कुरळे आहेत. सिडकोतून रोज स्कूटीवर कॉलेजला जाते. धूळ आणि स्कार्फमुळे फार गुंता होतो. ट्विस्ट एक्स्टेन्शन लावले तर केस वाचतील का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वाचतील, पण पीळ सैल असेल तरच. दोन पेडांत कृत्रिम केस गुंफले की रोजचं विंचरणं थांबतं, टोकं कमी तुटतात. आपलं गंगावन रात्री काढून ठेवता येतं. ट्विस्टचं वजन मात्र आठवडेच्या आठवडे मुळांवर लोंबतं. कपाळाच्या कडेला पुळ्या आल्या किंवा डोकं ठणकलं, तर त्याच दिवशी सोडा. ताण तसाच राहिला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात. हेल्मेटखाली घाम साचतो, म्हणून टाळू आठवड्याला धुवा, पीळ पूर्ण वाळवा. सहा आठवड्यांपलीकडे ठेवू नका. कोंडा असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.